मांडवाखालचा ट्रॅक्टर

१

हैदराबादजवळ, मेडचल रस्त्यावरच्या अंबाजी पाटलांच्या द्राक्षबागेत, दगडी गोदामात, हणमंतराव उदगीरकर मेलेले सापडले. गोदामाचं दार लोटलेलं होतं, दाराखालच्या फटीला आतून ओली पोती लावलेली होती आणि इंजिनाचा धूर बाहेर नेणारी लांब रबरी नळी खुंटीवर नीट गुंडाळून टांगलेली होती. त्यांनीच बनवलेला ट्रॅक्टर शेजारी उभा होता. गोदामात धूर कोंडला होता.

फौजदार भला माणूस निघाला. त्याने पंचनाम्यात अपघात असं लिहिलं आणि हणमंतरावांच्या मुलीला, अनुराधाला, बाजूला घेऊन सांगितलं, "अम्मा, मैं ॲक्सिडेंट लिख दियुं. आप घर जाओ. सवालां नक्को पूछो."

त्याची ती दयाच अनुराधाच्या वर्मी लागली. जे लिहायचं टाळलं होतं ते काय होतं, हे त्या दयेनेच तिला सांगून टाकलं.

अनुराधा नारायणगुड्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. चाळिशीची, अविवाहित. आई जाऊन खूप वर्षं झाली होती. बरकतपुऱ्याच्या घरात ती आणि आप्पा अशी दोनच माणसं राहत, आणि दोघंही कमी बोलत. ती वाचत बसे आणि आप्पा बाहेरच्या खोलीत कागदावर ट्रॅक्टरची चित्रं काढत.

हणमंतरावांचं वर्कशॉप काचीगुडा स्टेशनजवळच्या बोळात होतं. हैदराबादभोवतीच्या बागांमध्ये अनाब-ए-शाही द्राक्षाचे वेल डोक्याइतक्या उंचीच्या तारांच्या मांडवावर चढवतात. साधा ट्रॅक्टर त्या मांडवाखाली शिरला की ड्रायव्हरचं डोकं तारांना लागतं आणि उभ्या सायलेन्सरच्या झळांनी पानं करपतात. हणमंतराव जुने विलायती ट्रॅक्टर घेत, लहान चाकं बसवत, सीट दोन चाकांच्या मध्ये खाली आणत, सायलेन्सर पोटाखालून मागे वळवत, आणि घोस अडकू नयेत म्हणून चाकांवर पत्र्याची झाकणं चढवत. असा ट्रॅक्टर मांडवाखालून मांजरासारखा जाई.

पण चौऱ्याण्णव साल उजाडेपर्यंत बागाच उरल्या नव्हत्या. जिथे तिथे प्लॉट पडत होते. गावाकडची माणसंही सहकुटुंब जागा बघायला येत होती. समाचाराला आलेले लोक म्हणाले, "धंदा बसला होता ना त्यांचा." कोणी म्हणालं, "अबोल माणूस, मनात काय असेल कोण जाणे." शेजारच्या कुसुमताईंनी तर हळूच सुचवलं की गुरुजींना विचारून नारायणबळी करून घ्यावा. "अशा मरणाला करतात गं. त्यांना गती मिळावी म्हणून."

"अशा म्हणजे कशा, कुसुमताई?"

कुसुमताईंनी पदर सावरला आणि भाजीचं भांडं तिच्या हातात दिलं.

आप्पा गेले हे दुःख होतं. पण ते आपल्याला टाकून, मुद्दाम, एक शब्दही न बोलता गेले असतील तर? मग इतक्या वर्षांचं ते शांत घर म्हणजे काय होतं? आप्पांना तिथे नुसती घुसमट होत होती का? या प्रश्नाशी ती महिनाभर एकटी बसली होती. मग एका रविवारी तिने बस पकडली आणि मेडचल रस्त्याला गेली. आप्पांचं सामान आणायला आले, असं तिने अंबाजींना सांगितलं.

ट्रॅक्टर तिथेच होता. त्या दिवसापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. ती वाकून मागे बघायला गेली आणि तिथेच थबकली.

सायलेन्सर नवा होता. मरणाच्या दिवशी सकाळी आप्पांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला होता आणि सुतळी तिनेच बांधली होती. रुपेरी रंग नुकता वाळलेला होता. आता त्या रुपेरी नळकांड्याच्या तोंडावर वितळलेल्या रबराचं काळं कडं चिकटलेलं होतं.

म्हणजे इंजिन तापलेलं असताना नळी जोडलेली होती. मग ती कोणी काढली?

२

अंबाजी पाटील ओसरीवर बसले होते. सत्तरीचे, दोन्ही गुडघे आखडलेले, उजवा खांदा वर न जाणारा. त्यांची आणि आप्पांची ओळख निजामाच्या काळातली, एकाच वसतिगृहातली.

"ये पोरी. चाय घे." त्यांनी डाव्या हाताने कप पुढे सरकवला. "बिस्कूट खा ना. बापासारखीच हैस, पोटात काय जाऊ देत नाहीस."

"काका, त्या दिवशी काय झालं ते मला परत सांगा."

"काय सांगू? दुपारी मी पडलो जरा. उठलो, म्हटलं हणमंताला चाय द्यावी. दार उघडलं तर धूर. तो ट्रॅक्टरच्या बाजूला पडलेला. मी पोरांना हाका मारल्या."

"इंजिन चालू होतं?"

"नाही नाही. तेल संपून आपोआप बंद पडलेलं."

"नळी?"

"खुंटीला." अंबाजींनी कप खाली ठेवला. "नको गं खोदू. मी त्याचा दोस्त हाय. मला काय कमी रडू येतंय?"

त्यांचे डोळे खरंच भरले होते. अनुराधाला स्वतःचीच लाज वाटली. आप्पांना माणसं थोडी आणि त्यातला हा एक.

ती परत गोदामात गेली, पान्हे आणि हातोड्या गोणपाटात भरू लागली. दाराशी पडलेली पोती आता वाळून कडक झाली होती. तिने एक उचललं. एका बाजूला लालभडक मुरमाची धूळ चिखलासारखी थापली होती, दुसरी बाजू स्वच्छ होती. तिने ते घडी करून सामानात ठेवलं.

निघताना तिचं लक्ष ट्रॅक्टरच्या टाकीकडे गेलं. आप्पा तेल बघायला काडी बुडवत. तिने द्राक्षाची एक वाळकी काडी मोडली, झाकण उघडलं आणि काडी तळापर्यंत सोडली.

काडी अर्ध्याहून जास्त ओली होऊन वर आली.

३

प्रकाश हा आप्पांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. दोन वर्षांपूर्वी तो वर्कशॉप सोडून सिकंदराबादच्या एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये लागला होता. आता गळ्यात टाय होता. मरणाच्या आदल्या आठवड्यात तो आणि आप्पा तावातावाने बोलत होते, असं बोळातल्या पानवाल्याने अनुराधाला सांगितलं होतं.

"बसा ताई." त्याने काचेच्या केबिनमध्ये खुर्ची ओढली. बाहेर लाल, निळे, कोरे ट्रॅक्टर ओळीत उभे होते. "भांडलो. झूट नाही बोलणार. एक शौकीन सेठ आहेत, जुन्या गाड्या जमवतात. त्यांना आप्पांचा तो ट्रॅक्टर पाहिजे होता, बंगल्यासमोर उभा करायला. मी सांगायला गेलो तर आप्पा भडकले. म्हणाले, ट्रॅक्टर काय बाहुली हाय का? अंबाजीच्या मापाचा बनवतोय, तोच चालवणार."

"मापाचा?"

"तुम्हाला माहीत नाही?" प्रकाश पहिल्यांदा हसला. "आधी माणसाला मापायचे, मग ट्रॅक्टर कापायचा. शिंपी बघा जसा. हात किती लांब, पाय किती वळतो. मला खुर्चीवर बसवून लोकांची मापं घ्यायला लावायचे. एक रेड्डीगारू तर म्हणाले, सदरा केव्हा मिळेल?"

आप्पाही हे ऐकून हसले असतील का, असं तिच्या मनात आलं. घरी तिने आप्पांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"प्रकाश, बंद जागेत इंजिन चालू करताना ते नळी लावायचे?"

"हमेशा. अंबाजींच्या गोदामात मागच्या भिंतीत भोक आहे ना, त्यात नळीचं टोक हातभर आत सारायचं, मगच सेल्फ मारायचा. एकदा मी विसरलो तर पान्हा फेकून मारलेला." त्याने बाही वर करून मनगट दाखवलं. मग त्याचा आवाज उतरला. "त्याच्यामुळेच तर ताई... लोक म्हणतात ते मला पण... आप्पा विसरणारे नव्हते."

"आणि दाराला पोती?"

"ओली?"

"ओली. बाहेरच्या अंगाला लाल धूळ आहे."

"हे कोणी सांगितलंच नाही मला." प्रकाश खुर्चीत पुढे झाला. "तिकडे प्लॉट पाडायला बुलडोझर चालतोय ना? कार्बोरेटर खोलायचा तर धूळ नको. आम्ही उन्हाळ्यात बोळात पण ओली पोती लावायचो. ताई, ज्याला मरायचंय तो कार्बोरेटरला धूळ लागेल म्हणून कशाला जपेल?"

अनुराधापुरतं पोत्यांचं कोडं सुटलं. पण नळीने तिला सोडलं नव्हतं. आप्पांनी आधी नेहमीप्रमाणे नळी लावली असेल, काम केलं असेल आणि मग, मनात काहीतरी येऊन, स्वतःच काढून टांगली असेल तर? रबराचं ते कडं एवढंच सांगत होतं की नळी लावली होती. शेवटपर्यंत लावलेली होती, हे ते सांगत नव्हतं.

"येत्या रविवारी माझ्याबरोबर बागेत येशील?"

"येतो ना. काय करायचंय?"

"ट्रॅक्टर चालू करून द्यायचा."

४

रविवारी बागेत गर्दी होती. अर्धी बाग केव्हाच साफ झाली होती. तिथे चुन्याच्या रेघा मारून प्लॉट आखले होते. कोपऱ्यात शामियाना होता, थंड पेयं होती आणि अंबाजींचा मुलगा मिलिंद पांढऱ्या बुटांत गिऱ्हाइकांना फिरवत होता. उरलेल्या अर्ध्या बागेत मांडवाखाली बायका द्राक्षं तोडत होत्या.

"अनुराधाताई! प्लॉट बघायला आलात की काय?" मिलिंद म्हणाला आणि लगेच ओशाळला. "सॉरी. सवय लागलीय."

"गोदामाची मागची भिंत बघायची आहे."

"बघा ना, एकदम नवी केलीय." तो उत्साहाने पुढे झाला. गोदामाची पाठ प्लॉटकडे होती. तिला गुळगुळीत गिलावा होता आणि त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: ग्रेप गार्डन एन्क्लेव्ह. "पूर्वी नुसते काळे दगड होते. हल्ली गिऱ्हाईक वास्तूवाल्याला बरोबर घेऊनच येतं. त्याने बघितलं आणि म्हणाला, नैऋत्येला हे काळं तोंड कसलं? याच्यासमोर घर बांधलं तर घरधनी टिकणार नाही. मग साफ करून टाकलं."

"केव्हा?"

"तुमचे आप्पा... त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी. मी बेगमपेटला होतो पार्टीकडे. बाबांनीच मेस्त्रीला उभं राहून करून घेतलं."

"त्या काळ्या तोंडातून काय येत होतं, ठाऊक आहे?"

"धूर येत असेल. चूल असेल आत. मी त्या गोदामात जातो कशाला?"

तो खरं बोलत होता. इतका बेफिकीर चेहरा खोटं बोलणाऱ्याला जमत नाही.

अनुराधा आत गेली. भिंत हातभराहून जाड होती. आतल्या बाजूने भोक पूर्वीसारखंच होतं, काजळलेलं, अंधारं. कोणी वाकून बघितलं तरी बंद आहे की उघडं हे कळलं नसतं, आणि सवयीचा हात तर बघतही नाही. तिने बाही वर सारली आणि हात आत घातला. कोपर आत गेलं. बोटं थंड, खरबरीत सिमेंटला लागली. तिने ती त्यावर नीट फिरवली आणि हात बाहेर काढला.

बोटं काळी झाली होती.

तिने नखाने पुन्हा खरवडून आणलं. या खेपेला नखात आलं ते करडं, कोरं सिमेंट होतं. काळं वर होतं आणि करडं त्याखाली.

ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. बाहेर मिलिंद कोणाला तरी पूर्वेकडचा कोपरा दाखवत होता.

"ताई?" प्रकाश दारात उभा होता. "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "अंबाजीकाकांना बोलाव. आणि मिलिंदला पण."

५

चौघं गोदामात जमले. अंबाजी काठी टेकत आले आणि दारातच उभे राहिले.

"प्रकाश, चालू कर."

प्रकाश सीटवर बसला. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले. पाय लांब करून बसणाऱ्याच्या मापाची ती जागा होती. त्याने नेहमीच्या जागी, डॅशवर, हात नेला. तिथे पत्रा होता, गुळगुळीत बुजवलेला. त्याने स्टिअरिंगखाली पाहिलं, उजव्या बाजूला चाचपलं. "स्विच कुठे टाकलाय आप्पांनी?"

"मिलिंद, तुला माहीत आहे?"

"मला? मी त्या डब्यावर कधी बसलोय?"

अनुराधा दाराकडे वळली. "काका, त्या दिवशी तुम्ही दार उघडलंत तेव्हा इंजिन तेल संपून बंद पडलं होतं म्हणालात. टाकीत अर्ध्याच्या वर तेल आहे. म्हणजे ते कोणीतरी बंद केलं. प्रकाश नव्हता, आणि असता तरी त्याला स्विच सापडत नाही. मिलिंद या गोदामात पाय ठेवत नाही, आणि त्यालाही तो ठाऊक नाही. हा ट्रॅक्टर ज्याच्या अंगाच्या मापाने कापला, ज्याचा उजवा हात वर जात नाही, त्याच्यासाठी आप्पांनी स्विच कुठे बसवला असेल?"

अंबाजी हळूहळू पुढे आले आणि सीटच्या डाव्या अंगाला, पत्र्याच्या खाली, न बघता बोटं नेली. खट असा आवाज झाला.

"ही नळी जोडलेली होती," अनुराधा म्हणाली. तिचा आवाज वाचनालयात असतो तितकाच खाली होता. "सायलेन्सरला रबर चिकटलंय. दुसरं टोक या भोकात होतं. भोक बाहेरून बुजवलंय हे आप्पांना ठाऊक नव्हतं. धूर त्या सिमेंटवर आपटून नळीच्या बाजूने परत आत आला. ताज्या सिमेंटवर काजळी आहे, काका. भोक नंतर बुजलं असतं तर सिमेंट कोरं राहिलं असतं. आप्पांनी सुरुवातीलाच नळी काढून टाकली असती, तरी इतकी काजळी तिथे जमली नसती. ते मरेपर्यंत इंजिनाचा धूर त्या भोकात जात होता. ज्याला जगायचं असतं तोच धूर बाहेर सोडतो."

"बाबा?" मिलिंद म्हणाला.

अंबाजी ट्रॅक्टरच्या पत्र्यावर टेकले. "हौ," ते म्हणाले. "मीच बंद केला. मीच नळी काढली."

"आणि भोक?"

"मीच. वास्तूवाला बोलला, गिऱ्हाईक परत चाललं, मी मेस्त्रीला म्हटलं, बुजव."

"आप्पांना सांगितलं का नाही? सकाळी ते तुमच्यासमोरच आत गेले ना?"

"भोक बुजवलं म्हणालो असतो तर तो विचारला असता, कशापायी. मग सांगावं लागलं असतं की उरलेली बाग पण दिली. मांडव पण. गोदाम पण. हा ट्रॅक्टर चालवायला जागाच राहिली नाही. आणि तो तर नवा सायलेन्सर घेऊन आलेला, दिवाळी असल्यासारखा. म्हणाला, अंब्या, उद्या तू मांडवाखाली चक्कर मारायची. मी कसं सांगू? म्हटलं, दुपारी चायच्या वख्ताला सांगीन. तवर नुसता ठोकाठोक करत बसेल, असं वाटलं. चालू करेल असं नाही वाटलं गं."

"आणि नंतर नळी?"

"नळी दिसली असती तर भोक दिसलं असतं. भोक दिसलं असतं तर मी दिसलो असतो."

"लोक काय म्हणाले ते तुमच्या कानावर आलं होतं. तुम्ही तेराव्याला माझ्या शेजारी बसून जेवलात, काका."

मिलिंद पटकन म्हणाला, "ताई, झालं ते वाईट झालं. आपण घरात बसून बोलू. आज बाहेर पार्ट्या आहेत."

"नाही," अनुराधा म्हणाली. "आप्पांबद्दल सगळे घरात बसूनच बोलले. आता उघड्यावर बोला. पुढे फौजदाराला पण सांगा. आधी इथे."

"बाबा, नक्को," मिलिंद म्हणाला.

अंबाजींनी मुलाकडे बघितलंच नाही. ते काठी टेकत बाहेर गेले आणि निळ्या अक्षरांपाशी जाऊन उभे राहिले. शामियान्यातली माणसं कुतूहलाने जवळ आली. म्हाताऱ्याने आधी मराठीत सुरुवात केली, मग कोणाला कळत नाही हे बघून हिंदीत. "इस दीवार में एक सुराख था," ते म्हणाले. "मैं बुजाया. उस के पीछे मेरा दोस्त मर गया. वो अपने हाथ से नहीं मरा." आवाज फुटला, तसं त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, या खेपेला तेलुगूत. एका बाईने नवऱ्याची बाही ओढली. एक गाडी सुरू झाली, मग दुसरी. मिलिंद त्यांच्यामागे धावला.

प्रकाश टाय सोडून हातात घेऊन उभा होता. अनुराधाने त्याला काकांजवळ थांबायला सांगितलं आणि ती उरलेल्या बागेत शिरली.

मांडवाखाली हिरवा अंधार होता. पिकलेल्या अनाबचा वास होता. वाकायची गरज नसतानाही ती वाकून चालत राहिली, मागचे आवाज ऐकू येईनासे होईपर्यंत.

आप्पा तिला टाकून गेले नव्हते. ते मेले होते. त्यांना ट्रॅक्टर पुरा करायचा होता, उद्या मित्राला चक्कर मारायला लावायची होती आणि संध्याकाळच्या बसने घरी यायचं होतं. महिनाभर ती दुसऱ्याच कुठल्यातरी माणसाचा शोक करत होती. आपल्या वडिलांच्या मरणाची बातमी तिला आज कळत होती, आणि ती सांगायला जवळ कोणी नव्हतं.

एका दगडी खांबाशी ती खाली बसली आणि रडली. मोठ्याने. पलीकडच्या ओळीत द्राक्षं तोडणाऱ्या बायका क्षणभर थांबल्या. मग त्यांनी आपल्या पाट्या उचलल्या आणि न बोलता दोन ओळी पलीकडे सरकल्या.